झटपट रंगवा, पण वाळू द्या

वॉरगेमिंगच्या छंदात नव्यानं आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगते: सैन्य लवकर रंगवून हवं असेल तर टप्पे कमी करा, वाळण्याचा वेळ कमी करू नका. ब्रश कुठला, रंग कोणत्या कंपनीचे, प्रायमर स्प्रेनं मारायचा की हातानं, हे सगळं त्यानंतर. ठाण्यातल्या एका पावसाळ्यात माझी सांगाड्यांची अख्खी पलटण वाया गेली, तेव्हापासून मी हा नियम सोडलेला नाही. तो नियम आणि त्याच्या आधारानं बसवलेली कामाची पद्धत इथे सविस्तर मांडते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे आणि सुट्ट्या वाया जाऊ नयेत.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडायच्या, मोजपट्टीनं इंचांत चाल मोजायची आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला घरगुती नियम दिले. १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' आणला आणि ऑर्क, एल्फ, गॉब्लिन, बुटके, सांगाडे यांची कल्पनारम्य सैन्यं घरोघरच्या टेबलांवर आली. कंपनीचं मुख्यालय आता नॉटिंगहॅममध्ये आहे. नोकरीनिमित्त मी त्याच शहरात राहत होते. तिथल्या 'वॉरहॅमर वर्ल्ड'च्या दालनांत काचेमागे मांडलेल्या लढाया बघूनच मी पहिला ब्रश विकत घेतला.

काचेमागचा एकेक सैनिक तयारीच्या चित्रकारानं तासन् तास खर्चून रंगवलेला असतो. आपल्या टेबलाची गरज वेगळी आहे. सैनिक जेमतेम २८ ते ३२ मिलिमीटर उंच, आणि एका पलटणीत असे वीस-तीस. काचेमागचा दर्जा डोळ्यांसमोर ठेवून बसलं की पहिले पाच उत्साहात पूर्ण होतात आणि उरलेले राखाडी प्लॅस्टिकमध्येच डब्यात पडून राहतात. चांगले चित्र काढणारे हातसुद्धा अशा डब्यापाशी थकलेले मी पाहिले आहेत. म्हणून झटपट पद्धतींना मी कमी दर्जाचं मानत नाही. सैन्य पूर्ण होतं ते त्यांच्यामुळे, आणि रंगवलेलं सैन्य घेऊन खेळण्याचा आनंद निराळाच असतो. 'वॉरहॅमर ४०,०००'च्या नियमांत तर २०२० पासून ठरावीक किमान पातळीपर्यंत रंगवलेल्या सैन्याला १० गुण मिळू लागले.

पलटण कशी गेली

भारतात परतल्यानंतरचा तो पहिला जुलै. मित्रमंडळींनी रविवारी मोठी लढाई ठरवली होती आणि माझे सांगाडे रंगवायचे बाकी होते. नॉटिंगहॅममध्ये जसं करत होते तसंच ठाण्यात केलं. शुक्रवारी संध्याकाळी गॅलरीत पुठ्ठ्यावर सांगाडे उभे करून हस्तिदंती प्रायमरचा स्प्रे मारला. बाहेर पाऊस लागलेला होता. तासाभरानं प्रायमर बोटाला कोरडा लागला, म्हणून एकाच थरात उजेड-सावली देणारे कॉन्ट्रास्ट रंग घेऊन बसले. बरगड्यांवरून ब्रश दुसऱ्यांदा फिरला आणि प्रायमर सुटून आला. खालचं प्लॅस्टिक दिसू लागलं. जिथे रंग टिकला तिथे तो ओलसर असतानाच वरून तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, दिला. दोन्ही एकमेकांत मिसळले आणि कवट्यांवर गडद कडांचे डाग उमटले. शनिवारी रात्री, खेळताना रंग झिजू नये म्हणून मॅट वार्निशचा स्प्रे मारला. रविवारी सकाळी पाहिलं तर सगळी पलटण धुरकट झाली होती. काळ्या ढाली राखाडी दिसत होत्या, लाल झेंड्यावर दुधी पडदा आला होता आणि डोळ्यांच्या खोबण्यांची खोली नाहीशी झाली होती.

नुकसानं तीन, पण मूळ एक. प्रायमर वरून कोरडा होता, आतून नव्हता. कॉन्ट्रास्ट दिसायला वाळला होता, प्रत्यक्षात नव्हता. आणि वार्निश ज्या हवेत मारलं त्या हवेत ते स्वच्छ वाळणं शक्यच नव्हतं. वापरलेली पद्धत उत्तम होती, जगभर हजारो लोक ती वापरतात. मी तिच्यातला वाळण्याचा वेळ काढून टाकला आणि पद्धतच मोडली.

आधी हवा पाहा

जून ते सप्टेंबर मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. स्प्रेमधलं द्रावक झपाट्यानं उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा बाष्पानं भरलेली असेल तर ते बाष्प त्या थंड थरावर जमतं आणि वार्निशच्या पापुद्र्यात अडकतं. तिथल्या सूक्ष्म थेंबांवर आणि पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून वार्निश दुधी दिसतं. मॅट वार्निशचा थर जाड झाला तर हा धोका आणखी वाढतो.

म्हणून आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र विकत घ्या. ते फार महाग नसतं आणि रंगांचे कितीतरी डबे वाचवतं. त्यावरचा आकडा ६५ च्या वर असेल तर मी स्प्रेच्या डब्याला हात लावत नाही. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा पाण्यातला प्रायमर आणि ब्रशनंच लावायचं पाण्यातलं वार्निश वापरते. प्रायमरचे दोन पातळ थर, मध्ये पुरेशी विश्रांती. यात वेळ जास्त जातो हे खरं, पण पलटण परत पहिल्यापासून रंगवण्यापेक्षा तो कितीतरी कमी असतो.

उलट टोकही लक्षात ठेवा. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात भर दुपारी स्प्रे मारला तर रंगाचे तुषार सैनिकापर्यंत पोचण्याआधी हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. असं काम सकाळी लवकर करावं. डबा मिनिटभर चांगला हलवावा, २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि सैनिकाच्या बाहेरून सुरू करून बाहेर संपणारे छोटे फवारे मारावेत. घराबाहेर किंवा मोकळ्या गॅलरीत, तोंडावर चांगला मास्क लावून.

आणि नवा डबा थेट सैन्यावर कधीही मारू नका. प्लॅस्टिकचे भाग ज्या चौकटीतून कापून काढतो ती चौकट उरतेच. तिच्या तुकड्यावर आधी मारा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या काही स्प्रेंमधली द्रावकं प्लॅस्टिकला खातात. तो तुकडा तुम्हाला आधीच सावध करेल.

काळा, राखाडी, पांढरा

आता झटपट पद्धतींकडे. अलीकडे सगळ्यात लोकप्रिय झालेली पद्धत 'स्लॅपचॉप' या नावानं ओळखली जाते. सैनिकाला काळा प्रायमर द्यायचा. तो पूर्ण वाळला की सगळ्या अंगावर राखाडीचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा, आणि मग फक्त वरून, जिथे ऊन पडेल तिथे, पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश. आता सैनिक काळ्या-पांढऱ्या छायाचित्रासारखा दिसतो. त्यावर पारदर्शक रंगाचा एकच थर दिला की खालच्या छाया आणि उजेड रंगातून वर दिसतात. सावली वेगळी रंगवायची नाही, उजेड वेगळा रंगवायचा नाही.

यामागचा विचार जुना आहे. युरोपातले चित्रकार आधी करड्या छटांत चित्र पूर्ण करून त्यावर तैलरंगाचे पारदर्शक थर चढवत. निव्वळ करड्या छटांनी दगडी मूर्तीचा आभास कसा उभा राहतो हे व्हान आइक बंधूंनी १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या गेंटच्या वेदीचित्राच्या बाहेरच्या फळ्यांवर दाखवून ठेवलं आहे. उजेड-सावली आधी, रंग नंतर, हा क्रम म्हणूनच भरवशाचा आहे.

ड्रायब्रशसाठी महागडा ब्रश नको. गालांना रंग लावायचा गोल, मऊ, दाट केसांचा मेकअप ब्रश उत्तम काम करतो. त्यावर थोडा रंग घ्यायचा आणि पुठ्ठ्यावर घासून जवळजवळ सगळा काढून टाकायचा. हाताच्या पाठीवर ब्रश फिरवल्यावर फक्त त्वचेच्या रेषा रंगल्या तर तो सैनिकावर फिरवण्याजोगा झाला. हात हलका, दिशा वरून खाली. पट्टे उमटले तर ब्रश ओला आहे. भुकटी सांडल्यासारखं दिसलं तर रंग ब्रशमध्येच सुकून गेला आहे.

याच विचाराचा आणखी सोपा प्रकार म्हणजे काळ्या प्रायमरवर फक्त वरच्या बाजूनं पांढऱ्या प्रायमरचा फवारा. डोक्यावरच्या सूर्याचा उजेड आपोआप मिळतो. हवा कोरडी असेल तेव्हा मोठ्या सैन्याला मी हेच करते.

एकाच थराचे रंग

गेम्स वर्कशॉपनं २०१९ च्या जूनमध्ये 'कॉन्ट्रास्ट' रंग आणले आणि सैन्य रंगवण्याची गती बदलली. पुढे डेन्मार्कच्या आर्मी पेंटरनं 'स्पीडपेंट' आणि स्पेनच्या व्हायेहोनं 'एक्सप्रेस कलर' आणले. तिन्हींचं तत्त्व सारखं: रंग उंचवट्यांवरून ओघळून खाचांत साठतो. उंचवटा फिका राहतो, खाच गडद होते. फिकट प्रायमरवर दिलेला एकच थर मूळ रंग, सावली आणि उजेड अशी तिन्ही कामं करतो.

या रंगांची शिस्त मात्र पाळावी लागते. ब्रशवर रंग भरपूर घ्या आणि एका वेळी एकच भाग रंगवा: आधी पूर्ण अंगरखा, मग पूर्ण पट्टा. अर्धवट वाळलेल्या भागावर परत ब्रश नेऊ नका. माझ्या कवट्यांवरचे डाग त्यातूनच आले होते. रंग खाली थेंबासारखा साठला तर तो ओला असतानाच, किंचित ओलसर स्वच्छ ब्रशनं टिपून घ्या. रंग फिका करायचा असेल तर पाणी घालू नका. पाण्यानं रंगाचा ओघळ बिघडतो आणि कडेला वलयं येतात. त्यासाठीचं मिडियम मिळतं, तेच वापरा. या प्रकारच्या काही रंगांवर, ते वाळल्यानंतरही, ओला ब्रश फिरला तर रंग पुन्हा सुटतो. म्हणून कुठलाही नवा रंग आधी एका जादाच्या सैनिकावर, दोन थर एकमेकांवर देऊन तपासा.

मोठ्या सपाट जागा या रंगांना मानवत नाहीत. रुंद ढाल, पसरलेला झगा, गुळगुळीत चिलखत यांना खाचाच नसतात, त्यामुळे रंग कुठेही साठून ढगाळ डाग पडतात. तिथे नेहमीचा अपारदर्शक रंग दोन पातळ थरांत द्यावा. लोकर, केस, फर, हाडं, सुरकुत्या, पिसं आणि गॉब्लिनांची कातडी यांवर मात्र कॉन्ट्रास्टला तोड नाही.

सांगाड्यांची कृती

तीच पलटण मी पुन्हा रंगवली ती या कृतीनं. ती जशीच्या तशी देते आहे. एका संध्याकाळी एकच टप्पा, म्हणजे नोकरी सांभाळून आठवड्याभरात काम होतं.

पहिल्या संध्याकाळी सफाई. साच्याच्या जोडाची बारीक रेघ कटरच्या पाठीनं खरवडून काढायची. हा टप्पा वगळण्याचा मोह होतो, पण ड्रायब्रश आणि वॉश दोन्ही त्या रेघेला उठाव देतात. कवटीच्या मधोमध गेलेली रेघ मग लांबूनही दिसते. सैनिकांना औषधाच्या बाटल्यांच्या टोपणांवर ब्लू टॅकनं बसवलं की हाताळणं सोपं जातं आणि रंगवलेल्या भागाला बोट लागत नाही. सफाईनंतर हस्तिदंती प्रायमर, आणि रात्रभर विश्रांती. पावसाळा असेल तर पूर्ण चोवीस तास.

दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या हाडांवर 'स्केलेटन होर्ड' हा कॉन्ट्रास्ट रंग किंवा त्याच छटेचा दुसरा कुठलाही. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत फक्त हाडं. कपडे, ढाली, तलवारी यांच्याकडे त्या दिवशी पाहायचंही नाही.

तिसऱ्या संध्याकाळी फिकट हस्तिदंती रंगाचा हलका ड्रायब्रश, कवटीवर आणि बरगड्यांवर. तो सुकला की चामड्याचे पट्टे आणि लाकडी दांडे तपकिरी कॉन्ट्रास्टनं, फाटके कपडे एकाच ठरवलेल्या रंगानं. सगळ्या पलटणीला एक मुख्य रंग ठेवला की सैन्य एकसंध दिसतं आणि निवड करण्यात वेळ जात नाही.

चौथ्या संध्याकाळी धातू. तलवारींना आणि भाल्यांच्या टोकांना 'लेडबेल्चर'सारखा गडद पोलादी रंग. तो वाळल्यावर 'नल्न ऑइल' हा काळा वॉश. जुनाट, थडग्यातून वर आलेलं लोखंड दाखवायचं तर पातळ केलेला नारिंगी-तपकिरी रंग काही खाचांत सोडायचा, गंज तयार. सोनेरी भागांवर काळ्याऐवजी तांबूस-तपकिरी वॉश शोभतो. पाचव्या संध्याकाळी डोळ्यांच्या खोबण्या, ढालींवरच्या खुणा आणि पायाखालचा बेस. वार्निश सगळ्यात शेवटी, आणि हवा पाहून.

या मांडणीचं खरं बळ असं की वाट पाहणं अंगावर येत नाही. दहा-दहा सैनिकांचा गट करून एकच रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, की कोरड्या दिवसांत दहाव्यापाशी पोचेपर्यंत पहिला वाळत आलेला असतो. पावसाळ्यात रात्र मधे येते. वाळण्याचा वेळ तोच राहतो, पण तुम्ही त्या वेळात रिकामे बसलेले नसता. गट मात्र दहाच्या वर नेऊ नका. वीस-पंचवीस पट्टे सलग रंगवताना डोळा थकतो आणि हात घसरू लागतो.

वेळ कुठे द्यायचा

पेणच्या गणपती कारखान्यांत शेकडो मूर्तींना अंगाचा रंग झपाझप, एकामागून एक दिला जातो, पण डोळ्यांची आखणी मात्र तयारीच्या कारागिराकडेच असते. कारण बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जाते. आपल्या सैन्यालाही हाच न्याय लावा. खेळताना सैनिक हातभर अंतरावरून दिसतो. त्या अंतरावर नजर तीन ठिकाणी जाते: चेहरा, शस्त्र आणि पायाखालचा बेस. वाचवलेला सगळा वेळ तिथे द्या. पट्ट्याचं बक्कल, पाठीवरची पिशवी, बुटाची नाडी एका रंगावर सोडून दिली तरी चालतं. पलटणीचा नायक, झेंडेकरी आणि पहिली रांग यांना एक जादा उजेडाची रेघ द्या; मागच्या रांगांकडे कुणी तेवढं बारकाईनं पाहत नाही.

चेहऱ्यासाठी केसभर जाडीचा ब्रश लागत नाही. ३ शून्यांच्या ब्रशवर रंग टोकाशीच सुकतो आणि हात सारखा अडतो. १ किंवा २ नंबरचा, चांगलं टोक येणारा ब्रश घ्या. तो फक्त या कामासाठी ठेवा आणि ड्रायब्रश करायला कधीही वापरू नका. ब्रशचं टोक ओठात धरून जुळवण्याची सवय लावून घेऊ नका; काही रंगद्रव्यं पोटात जाण्याजोगी नसतात.

बेसला कंटाळा करू नका. बेसच्या कामात सगळ्यात थोड्या श्रमात सगळ्यात मोठा फरक पडतो. फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू टाका, रात्रभर वाळू द्या, मग गडद तपकिरी रंग, त्यावर फिकट मातकट ड्रायब्रश, एक-दोन जागी कृत्रिम गवताचे झुबके. बेसची कडा काळ्या रंगानं स्वच्छ करा. कडा नीट असेल तर वरचं सगळं काम नीटनेटकं वाटतं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनचे कॅनव्हाससाठीचे ॲक्रिलिक रंग या कामाला, तसंच टेकड्या, भिंती, पडक्या बुरुजांना उत्तम आणि स्वस्त पडतात. चेहऱ्यांसाठी आणि चिलखतांसाठी मात्र मिनिएचरचे खास रंग घ्यावेत, कारण त्यांतली रंगद्रव्यं अधिक बारीक दळलेली असतात आणि पातळ थर सारखा बसतो.

बिघडलंच तर

वार्निश दुधी झालं तर लगेच रंग काढायला घेऊ नका. कोरड्या दिवशी ब्रशनं चकचकीत वार्निशचा एक पातळ थर द्या. तो पोकळ्या भरतो आणि पडदा बऱ्याचदा निघून जातो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट द्या. माझ्या काही सांगाड्यांना यानं जीवदान मिळालं. ज्यांचा प्रायमरच सुटला होता त्यांना ते शक्य नव्हतं; तो रंग मुळापासून काढावा लागला.

रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश वापरा. खिडकी उघडी, हातात मोजे, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. रेझिनचा सैनिक त्यात फार वेळ ठेवू नका. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा घराच्या रंगकामाचा एनसी थिनर चुकूनही वापरू नका. सैनिकांचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि ते त्यात विरघळतं. आमच्या गटातल्या एका मुलानं अख्खा घोडेस्वार असा गमावला. वाटीच्या तळाशी चिकट गोळा राहिला होता.

घाईत हेअर ड्रायर हातात घेण्याआधीही थांबा. गरम झोतानं ओला वॉश खाचांतून बाहेर फेकला जातो, वरचा पापुद्रा आधी सुकून आतला रंग ओला राहतो आणि भाल्यांची बारीक टोकं वाकतात. छताचा पंखा मंद गतीवर ठेवा, तेवढं पुरे.

घरी किंवा ओळखीत थ्री-डी प्रिंटरवर सैनिक छापून घेणारे आता बरेच आहेत. त्यांनी हे पाळावं: रेझिनचा सैनिक अल्कोहोलमध्ये धुऊन, अतिनील प्रकाशात पूर्ण कडक केल्याशिवाय त्याला प्रायमर लावू नये. कच्च्या रेझिनवर कुठलाही रंग चिकटच राहतो, आणि कच्चं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी जडू शकते. मोजे हवेतच. घासायचं असेल तर पाण्यात ओलं करून घासा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जायला नको. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असू शकतं, त्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा आणि लहान मुलांपासून ते दूर ठेवा.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी मोठा संच आणि रंगांच्या पन्नास बाटल्या एकदम घेऊ नयेत. पाच सैनिक, एक प्रायमर, चार कॉन्ट्रास्ट रंग, एक पोलादी रंग, एक काळा वॉश, एक वार्निश आणि दोन ब्रश घ्या. पाचही सैनिक बेस आणि वार्निशासकट पूर्ण करा, मगच पुढचे पाच उघडा. लढाई पुढच्या रविवारी असेल आणि रंग वाळायला वेळ नसेल, तर तेवढी एक लढाई प्रायमर मारलेल्या सैनिकांनी खेळा. खेळायला बोलावणारे मित्र तुम्हाला समजून घेतील. ओला रंग समजून घेणार नाही.